पडायचं कसं, हसवायचं कसं : परीकथापटांविषयी वाचकांचे प्रश्न

परीकथांवरच्या बालचित्रपटांतली धडपड, आपटाआपटी आणि भडक अभिनय या विषयावर वाचकांनी पाठवलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. बरीच पत्रं मुलांना घेऊन स्वतः छोटा चित्रपट करू पाहणाऱ्यांची आहेत. त्यामुळे उत्तरांत 'कसं करायचं' याला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : नातवंडांबरोबर मी जुने परीकथापट पाहतो. राजा डोळे गरागरा फिरवतो, प्रधान दर दोन मिनिटांनी तोंडावर आपटतो, चेटकीण हात नाचवल्याशिवाय एक वाक्य बोलत नाही. मुलं खदखदून हसतात, मला मात्र तो निव्वळ वाईट अभिनय वाटतो. माझं काही चुकतंय का? – एक आजोबा

उत्तर : आजोबा, तुम्हाला खटकतं त्यातलं काही खरोखरच वाईट असतं, पण सगळं नव्हे. परीकथापट रंगमंचाच्या मांडीवर वाढला. फ्रेंच चित्रपटकार जॉर्ज मेलिएस यांनी १८९९ मध्ये सिंड्रेलाची गोष्ट पडद्यावर आणली, तेव्हा कॅमेरा प्रेक्षागृहातल्या मधल्या खुर्चीसारखा एका जागी रोवलेला होता. नट डोक्यापासून पायापर्यंत दिसायचा, चेहरा पडद्यावर इवलासा, आणि संवाद ऐकू येण्याची सोय नाही. अशा चौकटीत नुसती भुवई उंचावून राग दाखवला तर तो कुणाला दिसणार? म्हणून पाय आपटायचा, हात फेकायचे, छाती पुढे काढायची.

नंतर क्लोजअप (चेहरा पडदाभर दाखवणारा शॉट) आला, आवाज आला, तरी परीकथेने ही देहबोली सोडली नाही. परीकथेतली माणसं एकेका स्वभावाची असतात : हावरट राजा, मत्सरी सावत्र आई, बढाईखोर राक्षस. त्यांचा स्वभाव त्यांच्या चालण्याबसण्यातूनच कळावा लागतो, कारण पाहणारं पोर चार-पाच वर्षांचं असतं. त्याला बोलण्यातला टोमणा समजत नाही. पोट पुढे काढून, नाक वर करून चालणारा माणूस मात्र बरोबर समजतो.

तरी चांगलं-वाईट ओळखायची एक कसोटी आहे. आवाज बंद करून दोन मिनिटं चित्रपट पाहा. त्या पात्राला या क्षणी काय हवंय आणि पात्र ते कुणापासून लपवतंय, हे कळलं तर अभिनय कितीही मोठा असला तरी चांगला आहे. नुसतेच हात हलताना दिसले, का हलतायत ते कळलं नाही, तर तुमची तक्रार रास्त. १९६४ च्या 'मोरोज्को' या सोव्हिएत परीकथापटात बाबा यागा ही चेटकीण गिओर्गी मिल्यार या पुरुष नटाने केली आहे. ती या कसोटीवर जरूर पाहा. अभिनय टोकाचा आहे, पण चेटकिणीची चिडचिड, तिची लबाडी, दुखरी कंबर हे सगळं आवाजाशिवाय वाचता येतं. तिच्या प्रत्येक हालचालीला कारण आहे. वाईट भडक अभिनयात कारणाचाच पत्ता नसतो.

प्रश्न : नऊ ते बारा वयाच्या मुलांना घेऊन बारा मिनिटांचा परीकथापट करतेय. 'मोठा अभिनय करा' म्हटलं की सगळी मुलं किंचाळतात, 'कमी करा' म्हटलं की पुटपुटतात. मधली पट्टी कशी सापडेल? – एक शिक्षिका

उत्तर : बाई, 'मोठा' आणि 'कमी' या शब्दांनी मुलांच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही. त्यांना आकडे द्या. एक साधी कृती निवडा, समजा खजिन्याची पेटी उघडणे आणि ती रिकामी निघणे. हीच कृती १ ते १० अशा पायऱ्यांवर करून घ्या. १ म्हणजे फक्त डोळे. ३ वर श्वास अडकतो. ५ वर खांदे आणि मान येते. ७ वर कंबरेपासून सगळं अंग मागे जातं. १० वर मूल जमिनीवर लोळतं. प्रत्येक पायरीवर थांबवून तिथेच पाच सेकंद स्थिर उभं राहायला सांगा. चार-पाच तालमींत '६ वर कर' म्हटलं की मूल नेमकं तिथे जातं. ओरडणं कुठल्या पायरीपासून सुरू करायचं तेही ठरवून टाका. ८ च्या खाली ओरडायचं नाही, एवढा नियम पुरतो.

मग कॅमेऱ्याचं अंतर. पूर्ण अंग दिसणाऱ्या शॉटमध्ये ७-८ शोभतं. कंबरेपासून वरच्या शॉटमध्ये ५. फक्त चेहरा असेल तर २ किंवा ३. बहुतेक हौशी चित्रपट इथेच बिघडतात : लांबच्या शॉटसाठी बसवलेला अभिनय तसाच्या तसा क्लोजअपमध्ये घेतला जातो आणि पडदाभर नाकपुड्या फुगलेल्या दिसतात. दोष मुलाचा नसतो. कॅमेरा पुढे आला हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. प्रत्येक शॉटआधी त्याला चौकट दाखवा, 'तू इथून इथपर्यंत दिसतोस' म्हणून.

हालचालीचे तीन तुकडे असतात, हेही शिकवा. राक्षस गुच्ची मारणार असेल तर आधी हात मागे जातो, मग गुच्ची, मग हात खाली येऊन अंग सावरतं. मुलं पहिला आणि तिसरा तुकडा खाऊन टाकतात, त्यामुळे हालचाल झटका आल्यासारखी वाटते. पहिला तुकडा मुद्दाम लांबवायला सांगा. हात मागे नेताना राक्षसाने स्वतःच्याच मुठीकडे कौतुकाने पाहिलं, तर तेवढ्यावरच हशा येतो, गुच्ची मारायचीही गरज उरत नाही.

आणि एका प्रसंगात एकच पात्र मोठं ठेवा. राजा ८ वर असेल तर शिपाई २ वर हवा, ताठ, निर्विकार. दोघंही ८ वर गेले की नुसता गोंगाट होतो. नायक-नायिका तर शक्य तितकी साधी ठेवा. प्रेक्षक मुलांना त्यांच्या नजरेतून गोष्ट पाहायची असते. नायकच तोंडं वेडीवाकडी करू लागला तर काळजी कुणाची करायची?

चेटकिणीच्या हसण्याबद्दल वेगळं सांगायला हवं. घसा आवळून खरखरीत हसणं दहा वेळा करून घेतलं की मुलीचा आवाज दोन दिवस बसतो. शॉटमध्ये तिला फक्त अंगाने हसू द्या. आवाज नंतर, बसवून, पाणी प्यायला देऊन, दोन-तीन प्रयत्नांत वेगळा ध्वनिमुद्रित करा.

प्रश्न : आमच्या चित्रपटात राजा चार वेळा पडतो. तालमीत सगळे हसले, पडद्यावर कुणीच हसलं नाही. असं का? – महाविद्यालयीन विद्यार्थी

उत्तर : बहुधा राजा पडतो, पण तो पडणार हे प्रेक्षकाला आधी कळत नाही. चित्रपटाच्या आरंभकाळातल्या फ्रान्सच्या लुमिएर बंधूंनी १८९५ मध्ये एक मिनिटाहूनही छोटा चित्रपट दाखवला. माळी नळीने पाणी घालतोय. एक पोरगा मागून येऊन नळीवर पाय देतो. पाणी थांबतं. माळी नळीच्या तोंडात डोकावतो. पोरगा पाय काढतो आणि माळ्याच्या तोंडावर फवारा. यात माळी, पोरगा आणि नळी सगळं एकाच चौकटीत दिसतं. प्रेक्षकाला पोराचा पाय दिसतो, माळ्याला दिसत नाही. हसू फवाऱ्याच्या आधी, माळी डोकावतो तिथूनच सुरू होतं.

तुमच्या राजाचं पडणं याच रीतीने पुन्हा मांडून पाहा. समजा राजा मोडक्या सिंहासनावर बसणार आहे.

सिंहासनाचा तडकलेला पाय आधी दाखवा, दोन सेकंद. शिपाई तो घाईघाईने टेकू देऊन उभा करतो, हेही दिसू द्या. राजा ऐटीत येतो, सिंहासनावरची धूळ रुमालाने झटकतो, पुन्हा झटकतो. इथे चार-पाच सेकंद खुशाल घ्या, कारण सगळी गंमत या झटकण्यात साठत असते. राजा बसतो. काहीच होत नाही. दीड सेकंद शांतता. शिपाई सुटकेचा श्वास टाकतो. आता पाय मोडतो. राजा जमिनीवर, पण चेहऱ्यावरची ऐट जशीच्या तशी, अगदी एक पूर्ण सेकंद. मग हळूच नजर खाली.

'काहीच होत नाही' ही दीड सेकंदाची जागा संकलनात हमखास कापली जाते, कारण तिथे काही घडत नाही असं वाटतं. ती कापू नका. शेवटचा ऐटीचा सेकंदही ठेवा. पडणारा लगेच 'आई गं' करून कळवळला तर प्रेक्षक काळजीत पडतो, आणि पडल्यावर स्वतःच हसला तर प्रेक्षकाचं हसू तो स्वतःच वापरून टाकतो. राजाला आपण पडलो हे मान्य नाही, एवढंच त्याने धरून ठेवायचं.

चार वेळा पडणं जास्तच झालं. पहिल्यांदा पडतो, दुसऱ्यांदा तसाच पडतो, तिसऱ्यांदा बदल हवा : राजा सावध होऊन सिंहासन टाळतो आणि बाजूच्या स्टुलावर बसतो, ते धड निघतं, मोडतं ते शिपाई टेकलेलं सिंहासन. चौथं पडणं काढून टाका.

कोण पडतो हेही बघा. माजलेला, हावरट, बढाया मारणारा पडला की हसू येतं. जो आधीच दबलेला आहे, भुकेला आहे, त्याला पाडलं तर मुलं गप्प होतात. लंगडणं, तोतरेपणा, लठ्ठपणा यांवर हशा घेणारा विनोद तर आम्हाला मुलांच्या चित्रपटात अजिबात नको वाटतो. वर्गातल्या एखाद्या मुलाला तो दुसऱ्याच दिवशी भोगावा लागतो. पात्राच्या हावरेपणावर हसवा, त्याच्या पोटावर नको.

मोडणारं आसन बनवताना : पाय करवतीने दोन-तृतीयांश कापून उरलेला भाग तसाच ठेवणं धोक्याचं, कारण लाकूड नेमकं कधी तुटेल ते सांगता येत नाही आणि तुटल्यावर टोकदार ढलप्या निघतात. पाय पूर्ण कापा, दोन्ही कापलेली तोंडं घासून गुळगुळीत करा, मध्ये भोक पाडून ३ मिलिमीटर जाडीची मऊ लाकडी काडी घाला. वजन पडलं की काडी मोडते, पाय बाजूला होतो. प्रत्येक टेकला, म्हणजे शॉट घेण्याच्या प्रत्येक वेळी, नवी काडी. बैठकीची उंची मोठ्या माणसासाठी ४० सेंटिमीटरपर्यंत, मुलांसाठी १५ ते २० सेंटिमीटरच. खाली गादी, तिच्यावर गालिचा.

प्रश्न : सुळ्ळकन घसरून पडणं मुलांना न लागता कसं शिकवायचं? – हौशी नाट्यगटाचे प्रशिक्षक

उत्तर : आधी हे सांगतो की पडद्यावर पडण्यासाठी खरं पडावंच लागतं असं नाही. मुलांच्या चित्रपटात शक्यतो पडूच नये. तीन शॉट घ्या. पहिला, फक्त पाऊल घसरताना, जमिनीलगत कॅमेरा ठेवून. मूल यावेळी मागच्या बाजूला कठडा किंवा मोठ्या माणसाचा हात धरून उभं. दुसरा, कंबरेच्या वर, हात पंख्यासारखे फिरतायत. मूल स्थिर उभं. तिसरा, मूल आधीच गादीवर बसलेलं, पाय हवेत. 'ॲक्शन' म्हणताच पाय खाली येतात आणि टोपी डोळ्यांवर घसरते. पहिले दोन शॉट प्रत्येकी एक सेकंदाहून लहान ठेवा, तिसऱ्याच्या पहिल्याच फ्रेमवर (फ्रेम म्हणजे चित्रफितीतलं एक सुटं चित्र) धप्पकन आवाज घाला. प्रेक्षकाचं मन उरलेलं पडणं स्वतःच पूर्ण करतं.

पडल्याचा आवाज निवडताना आपल्या भाषेचा आधार घ्या. सुळ्ळकन, धपकन, धाडकन, पचकन, टण्कन : आधी तोंडाने शब्द म्हणून बघा, जो शब्द प्रसंगाला बसेल त्या जातीचा आवाज शोधा. 'धपकन'ला गादीवर उशी आपटल्याचा आवाज चालतो. 'धाडकन'ला फळी लागते आणि तो दुखल्यासारखा वाटतो, म्हणून धाडकन माणसाला देऊ नका, दाराला द्या. हाड मोडल्यासारखा कडकड आवाज तर नकोच, हसणारी मुलं जागच्या जागी थबकतात.

खरं पडायचंच असेल तर वय किमान दहा-बारा, सोबत व्यायामशाळेतलं पडणं-लोळणं शिकवणारा जाणकार, आणि खालच्या क्रमाने सराव.

पहिल्या दिवशी बसूनच. गादीवर मांडी न घालता, गुडघे वर घेऊन बसायचं, हनुवटी छातीला चिकटवायची, पाठ गोल करून मागे लोळायचं. डोकं गादीला लागता कामा नये. हनुवटी सुटली की डोकं मागे आपटतं, म्हणून हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये घडी केलेला रुमाल धरायला सांगा. रुमाल पडला की तो प्रयत्न फुकट. लोळताना दोन्ही हात, तळवे खाली, अंगापासून तिरके, कोपरापासून बोटांपर्यंत एकदम गादीवर आपटायचे. याने पडण्याचा जोर वाटला जातो.

हे दहापैकी नऊ वेळा बरोबर जमलं की उकिडवं बसून. त्यानंतरच उभ्याने : एक पाय पुढे सरकतो, दुसऱ्या पायाचा गुडघा वाकतो, बूड टाचेच्या जवळ येईपर्यंत खाली जायचं आणि एका बाजूच्या मांसल भागावर टेकून तिरकं लोळायचं. सरळ बुडावर बसलं तर माकडहाडाला मार बसतो. श्वास सोडत पडायचं. श्वास धरून पडलेलं मूल लाकडासारखं ताठ असतं.

सगळ्यात जास्त दुखापत होते ती हात मागे टेकल्याने. पडताना हात मागे जाणं ही प्रत्येकाची सवय असते, आणि ताठ हातावर सगळं वजन आलं की मनगट किंवा कोपराच्या वरचं हाड मोडतं. सवय मोडण्यासाठी सरावात दोन्ही हातांत एकेक मऊ चेंडू द्या आणि हात छातीशी धरून लोळायला सांगा. आठवडाभराने चेंडू काढून हात आपटणं पुन्हा सुरू करा.

बसून-लोळण्यासाठी ५ सेंटिमीटरची व्यायामाची गादी पुरते. उभ्याने पडायला २० ते ३० सेंटिमीटरची जाड मऊ गादी घ्या. दोन गाद्या शेजारी जोडल्या असतील तर मधल्या फटीत पाऊल अडकून घोटा मुरगळतो. फटीवर तिसरी गादी आडवी टाका. पायमोजे घालून सराव नको, अनवाणी करा. वेशभूषेतला झगा जमिनीवर लोळत असेल तर सरावही झग्यातच व्हायला हवा, कारण शेवटच्या दिवशी पायात झगा अडकतो आणि शिकवलेलं सगळं विसरायला होतं. मुकुट, कंबरपट्टा, खिशातली वस्तू पडण्याच्या शॉटला खऱ्या नकोत. मुकुट फोमचा करा.

एका मुलाकडून एका दिवशी तीन-चारहून जास्त टेक घेऊ नका. मान दमली की हनुवटी सुटते. डोकं आपटलं, मूल गुंगीत वाटलं, उलटी झाली, डोकं दुखतंय म्हणालं, तर चित्रीकरण तिथेच थांबवून डॉक्टरकडे न्या. 'जरा बसून बघू' करू नका.

प्रश्न : आमच्या गोष्टीत परी बुटक्याला थप्पड मारते आणि शेवटी काठ्यांची मारामारी आहे. कुणालाही न लागता थप्पड खरी कशी वाटेल? – लघुपट करणारी मैत्रिणींची जोडी

उत्तर : मार खाणाऱ्याची पाठ किंवा पाऊण पाठ कॅमेऱ्याकडे करा. मारणारीचा हात त्याच्या चेहऱ्यापासून एक वीत लांबून, गालाच्या रेषेत जातो. कॅमेरा मारणारीच्या समोरच्या बाजूला आणि थोडा लांब ठेवून झूम केलात तर ही वीत पडद्यावर दिसत नाही. जवळून रुंद (जास्त पसारा टिपणाऱ्या) लेन्सने घेतलंत तर मधली हवा स्पष्ट दिसते आणि शॉट वाया जातो.

थप्पड ज्याला बसते तोच आवाज करतो : छातीशी, कॅमेऱ्याला न दिसेल अशी टाळी. टाळी, मान वळणं आणि हात जाणं हे तिन्ही एकाच क्षणी व्हायला हवं. मान उशिरा वळली की सगळं उघडं पडतं. क्रम पक्का करण्यासाठी तोंडाने मोजा : एक वर दोघांची नजरानजर, दोनवर मारणारीचा हात मागे, तीनवर थप्पड. नजरानजर झाली नाही तर दोन मोजायचंच नाही, हा करार ठेवा. हात कधीही कानाच्या उंचीवर नेऊ नका. चुकून वाटीसारखा तळवा कानावर बसला तर कानाचा पडदा फाटू शकतो.

काठ्यांसाठी एक जुनं आणि फार सुरेख साधन आहे. सोळाव्या शतकापासून चालत आलेल्या 'कोमेदिया देल्लार्ते' या इटालियन लोकनाट्यात विदूषकी नोकर हातात दोन पट्ट्यांची काठी बाळगायचा, तिला 'बातोक्यो' म्हणत. हळूच मारली तरी दोन पट्ट्या एकमेकींवर आपटून चटकन मोठा आवाज येतो. इंग्रजीतला 'स्लॅपस्टिक' हा शब्द अशाच काठीवरून या सगळ्या विनोदप्रकाराला चिकटला.

ती घरी बनते. ४५ सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद, ६ मिलिमीटर जाड अशा दोन सरळ रेषांच्या, गाठी नसलेल्या लाकडी पट्ट्या घ्या. मुठीच्या टोकाला त्यांच्यामध्ये १२ सेंटिमीटर लांब आणि ५ मिलिमीटर जाडीचा तुकडा ठेवून तीन स्क्रूंनी आवळा. सगळ्या कडा घासून गोल करा, मुठीला कापडी पट्टी गुंडाळा. मधला तुकडा जाड झाला तर पट्ट्या एकमेकींपर्यंत पोचत नाहीत, पातळ झाला तर आवाज फुसका येतो. लाकडात गाठ असेल तर तिथून पट्टी चिरते, म्हणून दर चित्रीकरणाआधी वाकवून बघा. उघड्या अंगावर ती मारायची नाही, कातडी दोन पट्ट्यांत चिमटते. कपड्यांखाली फोम घातलेल्या बुडावर हलकेच, किंवा त्याहून बरं म्हणजे कॅमेऱ्याबाहेर बसलेल्या एकाने ती वाजवायची आणि पडद्यावर फोमच्या काठ्या वापरायच्या.

प्रश्न : जुन्या विनोदी चित्रपटांत माणसं तुरुतुरु पळतात, तशी गंमत मोबाइलवर कशी आणायची? आणि उलट, राक्षस मोठा कसा वाटेल? आमचा राक्षस सहावीतला आहे. – एक पालक

उत्तर : मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरवत, सेकंदाला साधारण १६ ते २० फ्रेम पडत आणि दाखवताना त्या बऱ्याचदा जास्त वेगाने जात. बोलपटांबरोबर २४ फ्रेमचा वेग ठरला. २० वर घेतलेलं २४ वर दाखवलं की हालचाल वीस टक्के जलद होते. मोबाइलवर नेहमीसारखं चित्रित करून संकलनात वेग ११० ते ११५ टक्के करा. ११० वर प्रेक्षकाला युक्ती कळत नाही, फक्त पात्र उतावळं वाटतं. १२५ च्या पुढे सगळं खेळण्यासारखं दिसतं. अशा शॉटमध्ये संवाद ठेवू नका, आणि वरून पडणारी वस्तू किंवा उडणारा झगा टाळा. वेग १.२ पट केला की पडण्याचा जोर १.४४ पट झाल्यासारखा दिसतो, वस्तू कुणीतरी खाली खेचल्यासारखी पडते.

राक्षसासाठी हेच गणित उलटं वापरा. मोठी वस्तू पडायला, मोठा पाय उचलून टेकायला जास्त वेळ घेतो, आणि हा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. मुलगा दुप्पट उंच वाटायला हवा असेल तर हालचाल १.४१ पट संथ हवी. मोबाइल ६० फ्रेमवर लावून चित्रित करा आणि संकलनात वेग ७० टक्के ठेवा. २४ वर चित्रित करून नंतर संथ केलंत तर चित्र अडखळतं. कॅमेरा त्याच्या गुडघ्याच्या उंचीवरून वर रोखा, पाऊल टेकल्यावर दोन-तीन फ्रेमनी एखादी ताटली खुळखुळू द्या. मुलाला मात्र 'हळू चाल' म्हणू नका. हळू चालणारा मुलगा दमल्यासारखा दिसतो. त्याला नेहमीच्या जोमाने, पण लांब ढांगा टाकत चालू द्या, संथपणा कॅमेरा आणेल.

प्रश्न : तोंडावर केक मारण्यासाठी दाढीचा फेस वापरला तर चालेल का? राक्षसाला चंदेरी रंगवायचं आहे, त्यासाठी काय वापरावं? – वेशभूषा सांभाळणारी ताई

उत्तर : दाढीचा फेस टिकतो, पण डोळ्यांत गेला तर साबणासारखा झोंबतो. मुलांसाठी फेटलेलं क्रीमच घ्या. दुधाची ॲलर्जी आहे का ते आधी पालकांना विचारा. २० सेंटिमीटरच्या पातळ कागदी ताटलीवर ४ सेंटिमीटर थर पुरे. उकाड्यात आणि दिव्यांखाली क्रीम काही मिनिटांत ढिलं पडतं, म्हणून ताटली शॉटच्या आदल्या क्षणी भरा. फेकायचं नाही : चौकटीच्या बाहेरून, एक हातभर अंतरावरून, तळवा सपाट ठेवून हलकेच टेकवायचं आणि जरा फिरवायचं. ज्याच्या तोंडावर बसणार त्याने डोळे-ओठ मिटून नाकाने श्वास सोडायचा. पाण्यात भिजवून पिळलेला रुमाल हाताशी ठेवा.

चंदेरी रंगाला धातूची सुटी पावडर कधीही नको. 'द विझार्ड ऑफ ऑझ' या १९३९ च्या चित्रपटात पत्र्याच्या माणसाच्या भूमिकेसाठी आधी निवडलेले बडी एब्सन हे नट अ‍ॅल्युमिनियमची भुकटी श्वासात जाऊन रुग्णालयात दाखल झाले आणि भूमिका दुसऱ्याकडे गेली. चेहऱ्यासाठीच बनवलेला, पाण्याने निघणारा मलमासारखा रंग वापरा, आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा, पापण्यांवर लावू नका.

प्रश्न : माझी चार वर्षांची मुलगी चेटकीण आली की उशीत तोंड लपवते, पण सगळे हसतात म्हणून पाहतही राहते. पाहू द्यावं का? – एक आई

उत्तर : चार वर्षांच्या मुलांना वरचं रूप आणि आतलं माणूस वेगळं असतं हे अर्धवटच उमगलेलं असतं. मुखवटा घातला की माणूस बदललाच असं त्यांना वाटू शकतं. इतर हसतात म्हणून ती घाबरलेली नाही असं समजू नका. चित्रपट थांबवा, तिला काय दिसलं ते विचारा, पुढे पाहायचं की नाही ते तिला ठरवू द्या. 'त्यात काय घाबरायचं' हे वाक्य मात्र टाळा.

नंतर एखाद्या दिवशी आरशासमोर बसून हा खेळ करा. तुम्ही तिच्यादेखत ओढणी डोक्यावर घ्या, कंबर वाकवा, आवाज बदला, मग ओढणी काढून पुन्हा आई व्हा. हळूहळू, दर टप्प्याला 'आता मी कोण?' विचारत. मग तिला चेटकीण होऊ द्या. त्याच 'विझार्ड ऑफ ऑझ'मध्ये चेटकीण झालेल्या मार्गारेट हॅमिल्टन यांनी १९७५ मध्ये फ्रेड रॉजर्स यांच्या मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात नेमकं हेच केलं. साध्या कपड्यांत आल्या, चेटकिणीचा काळा पोशाख एकेक करून चढवला, मुलांशी बोलल्या. झालेल्या चेटकिणीचा फोटो दाखवण्यापेक्षा चेटकीण 'होताना' दाखवणं जास्त उपयोगी पडतं.

प्रश्न : चित्रपट पाहून मुलं एकमेकांना उशीने बडवतात, पलंगावरून उड्या मारतात. असे चित्रपट बंदच करावेत का? – दोन मुलग्यांचे बाबा

उत्तर : मुलं पाहिलेलं करून बघतात, यात शंका नाही. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बंडुरा यांच्या १९६१ च्या प्रयोगात मोठ्या माणसाला फुगीर बाहुलीला बडवताना पाहिलेल्या मुलांनी संधी मिळताच तसंच केलं, आणि पुढच्या प्रयोगात पडद्यावर पाहिलेल्यांनीही. पण आमच्या मते सगळी धडपड एका मापाने मोजू नये. घरात सापडणाऱ्या वस्तूने, जशीच्या तशी करता येईल अशी गोष्ट धोक्याची : छत्री घेऊन गच्चीवरून उडी, गळ्यात दोरी, डोक्यात तवा, पेटीत किंवा कपाटात लपून झाकण लावणं. हे प्रसंग आले की तिथल्या तिथे, एका वाक्यात सांगा, 'बंद पेटीत नवी हवा येत नाही, त्याने खरोखर गुदमरतं.' चित्रपट करणाऱ्यांनी तर हे प्रसंग लिहूच नयेत. राक्षस पेटीत लपण्याऐवजी बारीक झाडामागे लपला तर तो जास्त मजेदार दिसतो, आणि कुणी नक्कल केली तरी काही बिघडत नाही.

उशांच्या मारामारीला जागा आणि नियम द्या : जमिनीवर, पलंगावर नाही, चष्मा काढून, डोक्याला नाही. आणि त्यांना संथ मारामारी शिकवा. वीस सेकंदांत एकच गुच्ची मारायची, ज्याला बसेल त्याने वीस सेकंद घेऊन गादीवर पडायचं, आणि जो आधी हसला तो बाद.